शीख पगडीच्या रंगांना धार्मिक अर्थ असतो का?

घाटमाथा (धागाकर्ता)

मुलगा सहावीत आहे. शाळेत 'भारतातील पोशाख' असा प्रकल्प दिलाय आणि याच्या वाट्याला शीख पगडी आली. त्याने मोबाइलवर बघून तक्ता तयार केला: निळा म्हणजे शौर्य, पांढरा म्हणजे शांती, केशरी म्हणजे त्याग, हिरवा म्हणजे शेती, काळा म्हणजे नम्रता. प्रत्येकापुढे रंगीत कागदाचा तुकडा.

रविवारी सकाळी तो तक्ता घेऊन आम्ही खालच्या मजल्यावरच्या सिंगकाकांकडे गेलो. ते पगडी बांधायच्याच तयारीत होते आणि घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून कापडाचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. सहा मीटर कापड, बैठकीच्या खोलीतून थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. दोघांनी दोन्हीकडून ताण देत एकाच वेळी कडा आत दुमडत जायच्या. याला पूणी म्हणतात. घडी वाकडी आली की ते काही न बोलता पुन्हा ताण द्यायचे. मग एक टोक दातांत धरलं, थरावर थर चढवत नेला, शेवटी सळईने सुरकुत्या आत सारल्या. पगडी मरून रंगाची होती. मुलाने विचारलं, "काका, मरूनचा अर्थ काय?" ते म्हणाले, "आज हा शर्ट घातलाय ना, त्याच्यावर हीच जाते." मग तक्ता नीट वाचला आणि म्हणाले, "बेटा, हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं नाही आणि गुरुद्वारातल्या ग्रंथीजींनीही नाही."

तेव्हापासून मी जमेल तेवढं वाचलं. १९४५ साली मान्य झालेली शीख रहत मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, पोशाखाबद्दल सांगते ती एवढंच: कछेरा (अर्धी चड्डी) आणि दस्तार (पगडी) सोडून बाकी कसलं बंधन नाही, आणि स्त्रियांनी दस्तार बांधली तरी चालते, न बांधली तरी चालते. पगडीच्या रंगाबद्दल त्यात एक शब्दही नाही. माझं मत स्पष्ट आहे. धर्म पगडीत आहे, रंगात नाही. असे तक्ते बाहेरच्यांनी सोयीसाठी बनवलेत, आणि ते मुलांच्या वह्यांत जाऊ नयेत.

अबचलनगर

अजिबात सहमत नाही. माझं सगळं लहानपण नांदेडात गेलं. होला मोहल्ल्याला, म्हणजे होळीच्या सुमाराच्या शिखांच्या सणाला, पंजाबातून निहंग (शिखांतला शस्त्रधारी पंथ) येतात, घोड्यांसकट. सकाळी घाटावर एक म्हातारे निहंग दुमाला (उंच पगडी) बांधताना मी तासभर समोर बसून पाहिलेत. आधी गडद निळ्या कापडाचा उंच सुळका, मग त्यावर वरून एकेक पोलादी चक्र सरकवायचं, प्रत्येक चक्रानंतर कापडाचा पीळ आवळायचा, आणि माथ्यातून फर्रा बाहेर काढायचा. तो फर्रा म्हणजे डोक्यावरचा ध्वजच. त्यांना जाऊन सांगा की तुमचा निळा म्हणजे शर्टाला जुळतो म्हणून आहे.

त्या निळ्यामागे कथा आहे. चमकौरच्या लढाईनंतर गुरू गोविंदसिंग माछीवाड्याच्या जंगलात होते. गनी खान आणि नबी खान या दोघा पठाण भावांनी त्यांना निळी वस्त्रं घालून 'उच्चचे पीर' (उच्च या गावचे सूफी संत) म्हणून पालखीतून मुघल पहाऱ्यातून बाहेर काढलं. पुढे धोका टळल्यावर गुरूंनी ती वस्त्रं फाडून अग्नीत टाकली, आणि त्यातली एक चिंधी भाई मानसिंग यांनी आपल्या पगडीत खोवली, ती निहंगांची निळाई, असं परंपरा सांगते. दुसरी परंपरा गुरूंचे धाकटे पुत्र, साहिबजादे फतेहसिंग यांच्या उंच निळ्या दुमाल्यापाशी जाते. कुठलीही धरा, हा धार्मिक अर्थच आहे. नियमाच्या पुस्तकात नसलं म्हणजे धर्मात नाही, हा हिशोब मला मान्य नाही. आपल्या किती गोष्टी पुस्तकात आहेत?

मंजिष्ठ

अबचलनगर, कथा तुम्ही छान सांगितलीत, पण तिचा अर्धा भाग सुटला. गुरूंनी निळं वस्त्र *फाडलं*. आणि फाडताना म्हटलेली ओळ, परंपरेनुसार, गुरू नानकांच्या, गुरू ग्रंथ साहिबातल्या 'आसा दी वार' या रचनेतल्या ओळीचा फिरवलेला पाठ आहे. मुळात 'निळे कपडे ल्याले, तुर्क पठाणांचा अंमल आला' अशा अर्थाची ओळ. गुरूंनी 'ल्याले'च्या जागी 'फाडले' आणि 'आला'च्या जागी 'गेला' केलं. त्याच वारेत पुढे 'नील वसत्र पहिरि होवहि परवाणु' असंही येतं: राज्यकर्त्यांना पसंत पडावं म्हणून निळं नेसणाऱ्यांबद्दल. म्हणजे गुरू ग्रंथ साहिबात निळा हा शौर्याचा नाही, दरबारी मान्यतेचा रंग आहे. तोच पुढे दरबाराशी लढणाऱ्यांच्या डोक्यावर गेला. 'निळा म्हणजे शौर्य' या तीन शब्दांत हे सगळं पुसलं जातं, आणि माझी खरी तक्रार ती आहे.

लाल रंगाबद्दल तर गुरबाणी, म्हणजे ग्रंथातली गुरूंची वाणी, फार बारकाईने बोलते. कसुंभा आणि मजीठ अशी जोडी वारंवार येते. कसुंभा म्हणजे आपली करडई. तिच्या पाकळ्यांचा लाल भडक चढतो आणि धुण्यात उतरतो. मजीठ म्हणजे मंजिष्ठा, मुळीचा रंग, सहजी जात नाही. माया कसुंभ्यासारखी, नाम मजीठासारखं. गुरू अमरदास तर 'सूहा' (लाल) वेश सोडून दे, असं थेट सांगतात. ज्याने रंगाऱ्याची हंडी पाहिली आहे त्याला ही उपमा लगेच भिडते. रंग इथे मन ओळखायला वापरलाय, माणसाचा गट ओळखायला नव्हे. धागाकर्त्याशी मी निष्कर्षात सहमत आहे, पण 'रंगात धर्म नाही' हे वाक्य जरा घाईचं झालं.

सतलजपार

मी नागपूरची, लग्नानंतर अकरा वर्षं लुधियान्यात. इथे ललारी असतो, पगड्या आणि ओढण्या रंगवणारा. सासऱ्यांबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी खिशातून नवऱ्याच्या सुटाच्या कापडाचा बोटभर तुकडा काढून दिला, म्हणाले, याला जुळती कर. ललारीने उकळत्या पातेल्यात कापड बुडवलं, काठीने उचललं, कोपरा पिळून फुंकून वाळवला, तुकड्याशेजारी धरला, परत चिमूटभर रंग टाकला. असं चार वेळा.

लग्नात गुलाबी किंवा लाल, वऱ्हाडाची एकसारखी. सासरे गेले तेव्हा भोगानंतर, म्हणजे मृत्यूनंतरचा ग्रंथपाठ संपल्यावर, रस्म पगडी झाली. सगळ्या नातेवाइकांसमोर मोठ्या दिरांच्या डोक्यावर पगडी बांधली, घराची जबाबदारी आता तुझी म्हणून. त्या दिवसापासून दीर पांढरी किंवा फिकी बांधू लागले. कुणी सांगितलं नव्हतं. हा धर्म की रीत, हे मला वेगळं करता येत नाही आणि घरात कुणी करतही नाही.

जुना कागद

घाटमाथा, 'बाहेरच्यांनी बनवलेले अर्थ' हे तुमचं म्हणणं मला खटकलं. काही अर्थ आतल्यांनी रक्त सांडून मिळवलेत. नामधारी घ्या. १८५७ साली बाबा रामसिंगांनी भैणी साहिबला पंथ उभा केला. पांढरी खादी, कपाळावर आडवी सरळ बांधलेली पांढरी पगडी, इंग्रजी कापड, टपाल, कोर्टकचेरी सगळ्यावर बहिष्कार. १८७२ च्या जानेवारीत मालेरकोटल्यात साठाहून अधिक कुक्यांना (नामधाऱ्यांचंच दुसरं नाव) इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलं. नामधाऱ्याच्या पांढऱ्याला 'शांती' म्हणणं मला फार अपुरं वाटतं.

फेब्रुवारी १९२१ मध्ये ननकाना साहिबच्या गुरुद्वारात शिखांचं हत्याकांड झालं, त्यानंतर काळी पगडी निषेधाची खूण ठरली. तक्त्यात काळा म्हणजे नम्रता! उलट बसंतीचं, म्हणजे पिवळ्याचं, बघा. आज भगतसिंग म्हटलं की बसंती पगडी. १६ मार्च २०२२ ला भगतसिंगांच्या खटकड कलां गावी पंजाबचे मुख्यमंत्री भगवंत मान यांच्या शपथविधीला लोकांना बसंती पगड्या बांधून या, असं आवाहन होतं. पण भगतसिंगांच्या उपलब्ध छायाचित्रांत, कॉलेजच्या समूहचित्रात पगडी पांढरी दिसते आणि १९२९ च्या प्रसिद्ध छायाचित्रात तर हॅट आहे. म्हणजे काही अर्थ मिळवलेले, काही मागाहून चढवलेले. ते पारखायला हवेत. सगळेच फेकून देऊन कसं चालेल?

घाटमाथा

'बाहेरच्यांनी' हा शब्द मी मागे घेतो. नामधाऱ्यांचं मला माहीत नव्हतं, आणि ते वाचून रात्री बराच वेळ अस्वस्थ होतो.

पण एका मुद्द्यावर ठाम आहे. मनमोहनसिंगांची फिकी निळी पगडी सगळ्या देशाने पाहिली. तिच्यावरून राजकीय निळा, पंथाचा निळा असे तर्क सहज करता आले असते. २००६ मध्ये केंब्रिजने त्यांना मानद पदवी दिली तेव्हा त्यांनीच सांगितलं, हा त्यांचा आवडता रंग आणि केंब्रिजच्या दिवसांची आठवण. म्हणजे ज्याच्या डोक्यावर आहे त्याला विचारल्याशिवाय कळत नाही. निहंग आणि नामधारी यांचे रंग त्या *पंथांचे* आहेत. तक्ता ते सगळ्या शिखांवर लादतो.

दख्खनी

मी नांदेडचा शीख. घरात मराठी आणि पंजाबी दोन्ही, शाळा मराठीतून. चार पिढ्या इथेच.

अबचलनगरभाऊ, तुम्ही आमच्या गावचे, पण निहंग म्हणजे सगळे शीख नव्हेत. माझे वडील आयुष्यभर एसटीत होते, त्यांच्या पगड्या खाकी. त्या खाकीत मी त्यांना रोज पहाटे अरदास करताना पाहिलं. त्यात काय कमी होतं?

आणि केशरीबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो. मिरवणुकीत केशरी दिसला की इथले लोक प्रेमाने म्हणतात, "अरे वा, भगवा!" वाईट हेतू नसतो. पण ज्या वर्षी पंजाबातली बातमी वाईट असते त्या वर्षी त्याच केशरी पगडीकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. १९८४ नंतर माझ्या काकांनी कित्येक वर्षं केशरी बांधली नाही, फक्त नजरा नकोत म्हणून. एकाच कापडात लोकांना कधी आपलेपणा दिसतो, कधी धोका. आम्ही मात्र तेच असतो.

निशाण साहिबबद्दल, म्हणजे गुरुद्वाराच्या झेंड्याबद्दल, रहत मर्यादेत रंग दिलाय, बसंती किंवा सुरमई (करडा-निळा). जुलै २०२४ मध्ये अमृतसरहून त्याची पुन्हा आठवण करून दिली गेली, कारण कितीतरी ठिकाणी झेंडे केशरी झाले होते. म्हणजे जिथे रंग ठरवायचा होता तिथे पंथाने ठरवला. आमच्या डोक्यावरचा मुद्दाम मोकळा ठेवला. हे मोकळेपणही गुरूंचं देणं आहे असं मी मानतो.

अबचलनगर

दख्खनीभाऊ, तुमच्या वडिलांच्या खाकीपुढे मी काय बोलणार. ते मान्य. तरी मुलाच्या तक्त्यातून निहंगांचा निळा काढू नका एवढंच म्हणतो. 'निहंगांचा' असं लिहून ठेवा, आणि शेजारी चिंधीची गोष्ट.

घाटमाथा

ठेवतो. नामधाऱ्यांचा पांढराही, १८७२ सकट. बाकी रंगीत तुकडे मुलाने काल स्वतःच सोलून काढले. कागद थोडा फाटलाय, त्या जागी पूणी करतानाचा फोटो लावायचा म्हणतोय. सिंगकाका हो म्हणाले, फक्त फोटोसाठी त्यांना मरून नको, आकाशी हवी. रविवारी पुन्हा टोक धरायला जायचंय.