तीनचाकीवाली छोटी कंपनी मोठ्यांकडे जाणार असं दिसतंय. व्हेंडरने काय करावं?

प्रश्न : कुपवाड_फॅब्रिकेशन

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. सात माणसं, दोन मिग वेल्डिंग मशीन, एक जुना प्रेस ब्रेक. पुण्याच्या बाजूला मालवाहू इलेक्ट्रिक तीनचाकी बनवणारी एक छोटी कंपनी आहे, नाव घेत नाही. तिची मागची सबफ्रेम आणि बॅटरी ट्रे आम्ही करतो. करत होतो म्हणा, कारण दर महिन्याला ८० सेटचं शेड्यूल यायचं ते दिवाळीनंतर २० वर आलं आणि या महिन्यात आलंच नाही.

गाडी वाईट नाही हे आधी सांगतो. मार्केट यार्डात हळदीची पोती भरून ती चढाला लागली की मी स्वतः मागे चालत जाऊन बघितलंय, ट्रे कुठे हलतोय का म्हणून. हलत नाही. त्यांचा डिझाईनवाला पोरगा रात्री दहापर्यंत आमच्या शॉपवर बसायचा. ट्रेच्या कोपऱ्याला वेल्ड तडकत होता, तर तिथे आतून गसेट, म्हणजे आधाराची तिकोनी पट्टी, घालायची कल्पना त्याची आणि ती बसवायची कशी ते आमच्या फिटरचं. तो पोरगा दोन महिन्यांपूर्वी सोडून गेला. फोन केला तर म्हणाला, "काका, मला काही बोलता येत नाही, पण तुमची बिलं काढून घ्या."

गेल्या महिन्यात खरेदीवाल्याबरोबर दोन अनोळखी माणसं आली. कन्सल्टंट म्हणून ओळख करून दिली. एकाने सरळ ट्रेला व्हर्निअर लावून मापं घेतली. दुसरा फिक्स्चरपाशी, म्हणजे वेल्डिंग करताना भाग जागच्या जागी धरणाऱ्या सांगाड्यापाशी, गेला, वरचा प्लॅस्टिकचा कागद बाजूला केला आणि पंच केलेला ॲसेट नंबर वहीत उतरवून घेतला. चहा न घेता गेले.

आणि आता मेन गोष्ट. आठ दिवसांपूर्वी त्यांच्या अकाउंट्सकडून बॅलन्स कन्फर्मेशनचं, म्हणजे बाकी इतकीच आहे हे मान्य करून घेण्याचं, पत्र आलं, सही-शिक्का करून परत पाठवा म्हणून. माझ्या वहीत येणं ११ लाख ८४ हजार आहे. पत्रात ८ लाख ६० हजार. वगळलेले ३ लाख २४ हजार टूलिंगचे, म्हणजे फिक्स्चर बनवण्याच्या खर्चाचे आहेत. फिक्स्चरचा खर्च ४ लाख ७६ हजार आम्ही घातला होता, तो २००० सेटवर वाटून सेटमागे २३८ रुपये वसूल व्हायचा होता. त्यांनी उचलले फक्त ६४० सेट. पीओत, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरमध्ये, ओळ स्पष्ट आहे की १८ महिन्यांत २००० सेट उचलले नाहीत तर उरलेली रक्कम एकरकमी द्यायची. मी बिल लावलं, त्यांनी ते वहीत घेतलंच नाही.

बाजारात कुणी म्हणतं मोठी तीनचाकीवाली कंपनी घेणार, कुणी म्हणतं बंदच होणार. खरंच घेतात का असे मोठे लोक लहानांना? आणि घेतलं तर माझ्यासारख्याचं काय होतं? ज्यांनी बघितलंय त्यांनी कृपया सांगा.

उत्तर : सातारा_जुनी_एमआयडीसी

दादा, माझे वडील साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते, म्हणून लिहितो. आमच्याकडे गाडीची कंपनी कुणाच्या हातात जाणार हा विषय जेवणाच्या ताटावर असायचा.

ती कंपनी १९७५ ची. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांची भागीदारी, महामंडळाचे २७ टक्के आणि बजाजचे २४. प्रिया स्कूटर तिथली. लोक नंबर लावून थांबायचे. २००३ मध्ये महामंडळाने आपला हिस्सा विकायचं ठरवलं, घेणारा बजाजच. भांडण फक्त किमतीचं. लवादाने २००६ मध्ये शेअरला १५१ रुपये ६३ पैसे ठरवले, ते महामंडळाला मान्य नव्हते, म्हणून कोर्ट. सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला जानेवारी २०१९ मध्ये. मधल्या काळात, २००६ मध्येच, साताऱ्यात स्कूटर बनणं थांबलं होतं. नंतर कारखान्यात काय राहिलं, तर डाय, जिग आणि फिक्स्चरचं काम.

वडिलांना शेवटपर्यंत एकच वाईट वाटायचं. कंपनी विकली जाण्याचं नाही, तर घोळ इतकी वर्षं चालला आणि त्यात गाडीकडे बघायला कुणी उरलं नाही याचं. तुमच्याकडे घेणारा कोण यापेक्षा किती लवकर घेतो हे बघा. सहा महिने नुसत्या बोलण्यात गेले तर ती गाडी रस्त्यावरून जाते, नाव कितीही मोठ्याचं असो.

उत्तर : मिरज_हिशेब

मी लघुउद्योगांचे हिशेब बघतो. आधी एक सांगतो, त्या पत्रावर सही करू नका. नुसती बाजूलाही ठेवू नका, कारण अशा पत्रात बऱ्याचदा "इतक्या दिवसांत उत्तर आलं नाही तर रक्कम मान्य समजू" अशी ओळ असते. तुमचा खातेउतारा जोडून "येणे ११,८४,०००, टूलिंगच्या बिलासह" असं लिहून स्पीड पोस्टाने आणि मेलने दोन्हीकडून पाठवा.

असं पत्र ऑडिटसाठीही येतं, त्यामुळे त्यावरून कंपनी विकली जातेय असं म्हणता येत नाही. पण टूलिंगचे नंबर उतरवून नेणं आणि येण्यातून नेमकं टूलिंग वगळणं महिन्याभरात झालंय. घेणाऱ्याला दाखवायच्या यादीत ते फिक्स्चर कंपनीचं म्हणून जातंय, आणि त्याचे पैसे मात्र द्यायचे राहिलेत असं कुठे दिसत नाही. मला तरी यातून हाच अर्थ लागतो.

आता "मोठे घेतात का". घेतात. पण घेण्याचे दोन प्रकार आहेत आणि तुमचं सगळं त्यावर आहे. २०१० मध्ये महिंद्राने बंगळूरच्या रेव्हा या इलेक्ट्रिक कार कंपनीचे ५५.२ टक्के घेतले. तिथे शेअर घेतले, म्हणजे कंपनी तीच राहिली, मालक बदलला. अशात तुमचं येणं जिथल्या तिथे राहतं, उलट देणारा भक्कम होतो. त्याआधी २००८ मध्ये त्याच महिंद्राने आपल्या पुण्याच्या कायनेटिक मोटरचा दुचाकी व्यवसाय ११० कोटींना घेतला, तेव्हा मालमत्ता एका नव्या कंपनीत गेली आणि कायनेटिककडे तिचा २० टक्के हिस्सा आला. अशा सौद्यात कुठलं देणं नव्याकडे जाणार आणि कुठलं जुन्याकडे राहणार हे करारात लिहितात. जे लिहिलेलं नाही ते जुन्या कंपनीच्या गळ्यात, आणि तिच्याकडे तोवर काही उरलेलं नसतं. म्हणून तुमचा आकडा आत्ता, सौद्याच्या आधी, कागदावर बरोबर आला पाहिजे.

तिसरा प्रकार विकत न घेता पैसे घालण्याचा. हिरोने २०१६ पासून इलेक्ट्रिक स्कूटरवाल्या एथरमध्ये घातले, एथर स्वतंत्र राहिली आणि २०२५ मध्ये शेअर बाजारात आली. मालवाहू तीनचाकीतही २०२५ मध्ये हिरोने ५२५ कोटींपर्यंत घालून युलरचा ३२.५ टक्के हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. तुमच्या कंपनीला असा कुणी भेटला तर उत्तमच.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे ना? असेल तर लेखी करार असूनही बिल द्यायला ४५ दिवसांच्या वर मुदत चालत नाही. पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं आणि लघुउद्योगांच्या थकलेल्या बिलांसाठीच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाईन तक्रार करता येते. दिवाळखोरीचा रस्ता तुम्हाला एकट्याला नाही, त्याला किमान एक कोटीची थकबाकी लागते. दुसऱ्या कुणी ती सुरू केली तर मात्र आपला दावा मुदतीत दाखल करायचा, नाहीतर यादीतच नाव येत नाही.

उत्तर : कराड_ईव्ही_गॅरेज

हिशेबवाल्यांनी बरोबर सांगितलंय, मी गाडीच्या बाजूने सांगतो. त्याच कंपनीच्या नऊ गाड्या माझ्याकडे सर्व्हिसला येतात.

प्रतिस्पर्धी गाडी चालू ठेवायलाच घेतो असं नाही. महिंद्रा आहे, बजाज आहे, बारामतीत पियाजिओ आहे, यांना तीनचाकी बनवायला कुणी शिकवायची गरज नाही. लहान कंपनीकडे त्यांना हवं असतं ते बॅटरी, कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर जमलेली पोरं, झालंच तर तयार गिऱ्हाईक. तुमचा डिझाईनवाला आधीच गेलाय म्हणता, म्हणजे घेणाऱ्याच्या दृष्टीने मालातला मोठा वाटा तिथेच गेला. रेव्हाचंच बघा, २०१३ मध्ये ई-टू-ओ ही नवी गाडी आली आणि जुनी रेव्हा इतिहासजमा झाली.

पण रस्त्यावरच्या गाड्यांना ट्रे लागणारच. मध्यंतरी एकाने मागून डंपरची धडक खाल्ली, ट्रे वाकलाय, बॅटरी शाबूत. कंपनीत फोन कुणी उचलत नाही. गाडी तीन आठवडे उभी आहे आणि त्या माणसाचा दुधाचा धंदा सध्या भावाच्या टेम्पोवर चाललाय. तुमच्याकडे तयार ट्रे असेल तर सांगा. ते फिक्स्चर मात्र हलू देऊ नका. बिल दिल्याशिवाय कुणी टेम्पो घेऊन न्यायला आला तर गेट उघडू नका.

प्रश्नकर्ता : कुपवाड_फॅब्रिकेशन

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्यम नोंदणी २०२१ ची आहे, पहिल्या पीओच्या आधीची. पत्र मुलीने काढून वाचलं, तळाशी बारीक अक्षरात १५ दिवसांची ओळ आहेच. मला ती दिसली नव्हती. आज सकाळी खातेउतारा, पीओची प्रत आणि टूलिंगचं बिल जोडून ११,८४,००० लिहून स्पीड पोस्ट केलं, मेलही केला. दुपारी लगेच त्यांच्या अकाउंट्सचा फोन आला की टूलिंगचं वेगळं बघू, बाकीच्यावर आधी सही द्या. नाही म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना नाही म्हटलं आणि हात थरथरत होता, पण म्हटलं.

सातारकर, तुमच्या वडिलांचं फिटरला वाचून दाखवलं. तो ऐकून काही बोलला नाही, उठून फिक्स्चरचे क्लॅम्प पुसायला लागला.

कराडकर दादा, तयार ट्रे सात आहेत, प्रायमर मारलेले. एक उद्या सकाळच्या एसटीने पार्सल करतो. त्या दुधवाल्याकडून फक्त मटेरियलचे पैसे घ्या.