इंटरकूलरचा पाईप: दोन इंची ठेवू का तीन इंची टाकू?

घाटंजीकर:
राम राम मंडळी. माझी 2.2 लिटरची टर्बो डिझेल गाडी, अडीच लाख किलोमीटर झालेली. परवा नागपूरच्या लग्नाहून येताना हिंगणघाट सोडलं अन वडनेरजवळ फट्‌कन आवाज झाला. गाडीचा दमच गेला, मागं काळा धूर. बॉनेट उघडलं तर टर्बोकडून (इंजिनात दाबानं हवा भरणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती गरम हवा थंड करणारी जाळी) जाणारा रबरी होज फाटलेला. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वरून कुंपणाची तार आवळली अन चाळीसच्या स्पीडनं पांढरकवडा गाठलं. आता एक गॅरेजवाला म्हणते, सगळा पाईप तीन इंची ॲल्युमिनियमचा टाका, पिकअप वाढते. टर्बोचं अन इंटरकूलरचं तोंड मोजलं, दोन्ही बाहेरून 51 मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. काय करू?

बोअरवाला:
माझ्याकडं बोअरचा पीव्हीसी पाईप पडून आहे. फुकट घेऊन जा.

जुना मिस्त्री, हिंगणघाट:
पीव्हीसीचं नाव काढू नका राजेहो. ते 80 डिग्रीच्या आसपास लुळं पडते, अन टर्बोतून निघणारी हवा दाबानंच सव्वाशे-दीडशे डिग्रीले जाते. एकानं खरंच बसवून आणला होता, पाईप भरताच्या वांग्यावानी फुगला होता.

घाटंजीकर भाऊ, उत्तर तुमच्या टेपनंच दिलं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा भरते. 2.2 लिटर, 4000 आरपीएम, भरणीत थोडी घट धरा, तर सेकंदाले 65 लिटरच्या जवळपास हवा झाली. तुमच्या पाईपाचं आतलं माप 48 मिलिमीटर धरलं तर इंटरकूलरनंतर तिचा वेग 36 मीटर येते. गरम बाजूनं, म्हणजे इंटरकूलरच्या आधी, हवा फुगलेली, तिथं 45च्या वर. पाईप अपुरा पडतो तो वेग सेकंदाले शंभर-सव्वाशे मीटर झाल्यावर. तुम्ही त्याच्या निम्म्यातही नाही.

शेतात मोटरच्या अडीच इंची लाईनीची तीन इंची केली तर पाणी वाढते, कारण लाईन हजार फूट असते. तुमचा पाईप दोन मीटर. वरून तीन इंचीत साडेआठ लिटर हवा मावते, दोन इंचीत साडेतीन. गिअर टाकला की टर्बोले तेवढा जास्तीचा डबा आधी भरावा लागते. फरक सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा, पण फायदा तर तेवढाही नाही.

दोनच इंची ठेवा. पैसे जोडावर घाला. पाईपाच्या तोंडाले उठलेली कडा पाह्यजे, नाहीतर होज निसटते. स्क्रूची बारकी क्लिप नको, टी-बोल्टची घ्या. अन पूर्ण कडक पाईप नको. इंजिन माउंटिंगवर डोलते, मध्ये लवचिक तुकडा लागतोच.

घाटंजीकर:
काका, होज आतून तेलकट होता. बोट फिरवलं तर काळं. टर्बो गेला का?

जुना मिस्त्री, हिंगणघाट:
ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून, तेलाचा पातळ थर येतोच. बोट काळं होणं वेगळं, पाईप उलटा केल्यावर धार लागणं वेगळं. धार लागली तर टर्बोचा शाफ्ट (आतला दांडा) ढिला झाला का ते हलवून पाहा. पण तेलानं साधं सिलिकॉन लवकर खराब होते, म्हणून आतून फ्लोरोसिलिकॉनचं (तेल सोसणारं सिलिकॉन) अस्तर असलेला होज मागा. अन एक सांगा, गाडी कापसाच्या जिनिंगवर उभी राहते का?

घाटंजीकर:
हाव, दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत रोजच.

जुना मिस्त्री, हिंगणघाट:
मग इंटरकूलरचं तोंड पाहा. पिकअप तिथं अडकला असंल.

घाटंजीकर:
पाह्यलं. जाळीमागं रुईची गादीच बसली होती, वर धुळीचा लेप. एक पोतं भरंल एवढी नाही, पण उशी नक्की.

जुना मिस्त्री, हिंगणघाट:
ब्रशनं काढा, मग मागून पुढं हलक्या पाण्यानं धुवा. वॉशिंगवाल्याच्या जोराच्या फवाऱ्यानं जाळीच्या बारीक पत्र्या वाकतात. अन ती कुंपणाची तार पूर्ण निघाली का पाहा, एखादा तुकडा बेल्टात गेला तर परत वडनेरलेच थांबाल.