सामायिक शेडमधील सुतारकाम : आपापले अनुभव लिहावेत

पुण्यातील नऱ्हे येथील पत्र्याच्या एका शेडमध्ये आम्ही चौघे गेली तीन वर्षे लाकडी फर्निचर बनवतो. भाडे चौघांत वाटून घेतले आहे, टेबल सॉ (लाकूड कापण्याचे यंत्र) आणि थिकनेसर (फळी रंधून सारख्या जाडीची करणारे यंत्र) सामाईक आहेत, आणि ऑर्डरी ज्याच्या त्याच्या. अशा व्यवस्थेबद्दल विचारले की लोक भाडे कसे वाटले ते उत्साहाने सांगतात. पण सामाईक पात्याची धार कोणी घालवली आणि त्यानंतर शेडमध्ये किती दिवस अबोला होता, हे सहसा सांगत नाहीत. या धाग्यात तेच लिहावे अशी विनंती आहे. सुरुवात माझ्या चुकीपासून करतो.

पेठेतील एक जुना वाडा पाडला जात असताना मी तेथील सागाच्या तीन तुळया विकत घेतल्या. शंभर वर्षे वाळलेल्या सागाचा मोह आवरणे कठीण असते, आणि नव्या सीपी (मध्य भारतातील) सागाच्या तुलनेत भावही बरा मिळाला होता. दिसतील तेवढे खिळे पकडीने उपटले, तारेच्या ब्रशने चुना-माती झाडली आणि पहिली फळी थिकनेसरमध्ये घातली. अर्ध्यावर गेल्यावर ‘टण्ण’ असा आवाज झाला. हाताने घडवलेल्या जुन्या चौकोनी खिळ्याचे टोक आत मोडून राहिले होते. लोखंड सागात मुरले की त्याच्याभोवती लाकूड काळे पडते. तो रुपयाएवढा काळा डाग मी पाहिला होता आणि गाठ समजून सोडून दिला होता. पाते जेमतेम दोन मिलिमीटर उडाले, पण त्यानंतर त्या मशीनमधून जाणाऱ्या प्रत्येक फळीवर, मग ती कोणाचीही असो, एकाच जागी दोऱ्यासारखी उंच रेघ उमटू लागली. माझ्या सहकाऱ्याच्या अक्रोडाच्या टॉपवरही ती उमटली, आणि त्याची डिलिव्हरी दुसऱ्या दिवशी होती.

*

भोसरीहून लिहितो. दादा, पुढच्या वेळी असे झाल्यास धार लावायला पाठवण्याची घाई करू नका. एक पाते सैल करून किंचित बाजूला सरकवून पुन्हा बसवावे. खांडे एका रेषेत राहिले नाहीत की एका पात्याने सोडलेली रेघ दुसरे पाते कापते. दिवसभराचे काम निभावते.

आम्ही सुतारच. आजोबा सासवडकडे बलुत्यावर औते, पाभरी आणि बैलगाडीची चाके करत, वडील पुण्यात येऊन लोकांच्या घरी जाऊन कपाटे आणि देवघरे करत, आणि मी आता शिकलेल्या तीन मुलांबरोबर एका शेडमध्ये काम करतो. मुले गुणी आहेत, पण आमची पहिली ठिणगी मापावरून पडली. मी सुतात (इंचाच्या आठव्या भागात) मोजतो, ती मिलिमीटरमध्ये. सहा खणांचे एक कपाट आम्ही मिळून घेतले होते. सांगाडा माझ्याकडे होता, खण आणि त्यांच्या मधल्या पट्ट्या मुलांकडे. मी मधल्या पट्ट्या तीन सूत जाडीच्या सांगितल्या. मुलांनी तीन सूत म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, सोयीसाठी दहा, असा हिशेब केला. अर्ध्या मिलिमीटरने काय होते, असे तेव्हा त्यांना वाटले असणार. पाच पट्ट्यांचे पाच वेळा अर्धा म्हणजे अडीच मिलिमीटर झाले आणि सर्वांत खालचा खण आत जाईना. मुलगा खालून रंधा मारायला निघाला होता, त्याला मी थांबवले, कारण खणाचे कुसू (सांध्यात बसणारा दात) तिथेच होते.

त्यानंतर आम्ही वडिलांची पद्धत धरली. सरळ रेषांच्या एका लाकडी पट्टीवर कपाटाची सगळी उंची पटाशीच्या टोकाने प्रत्यक्ष खुणा करून उतरवायची आणि त्या पट्टीवर आकडा एकही लिहायचा नाही. सांगाडा करणारा आणि खण करणारा, दोघेही त्याच पट्टीवरून माप घेतात. प्रत्येक कामाची पट्टी वेगळी असते आणि ती भिंतीला टांगलेली असते.

एक तक्रार मात्र आहे. टेबल सॉवर कापलेल्या आणि मशीनने घासलेल्या वस्तूला ‘हातकाम’ म्हणून दुप्पट भाव लावताना मला संकोच वाटतो. मुलांना वाटत नाही. गिऱ्हाईकही विचारत नाही.

*

वारज्याला आम्ही दोघी मैत्रिणी एका सामायिक जागेचा कोपरा घेऊन लहान मुलांच्या खुर्च्या आणि पुस्तकांची मांडणी बनवतो. माझा सगळा अनुभव धूळ आणि पॉलिश यांच्या वैराचा आहे. बाकीचे कापतात तेव्हा भुसा उडतो आणि नेमका त्याच वेळी माझ्या खुर्चीवरचा चपड्याच्या (लाखेच्या) पॉलिशचा हात ओला असतो. लाकडाची धूळ केवळ पॉलिश बिघडवत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली तिला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले आहे. मी हे बोलून दाखवले तेव्हा शेडमधील एकाने ‘आमचे आजे भुशातच वाढले’ असे उत्तर दिले. शेवटी वाद सोडून वेळा ठरवल्या. दुपारी चारपर्यंत कापणे आणि घासणे, त्यानंतर तासभर सगळी यंत्रे बंद, मग फरशीवर पाणी शिंपडून झाडणे आणि सहानंतर पॉलिश. भोसरीकडे गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते तशी आम्हीही एक सुट्टी ठरवली आणि तो दिवस फक्त पॉलिशसाठी ठेवला.

पावसाळ्याला मात्र वेळापत्रक लागू होत नाही. जुलैत चपड्याचे पॉलिश लावले की हवेतील ओल त्यात अडकते आणि वर दुधासारखी पांढुरकी झाक येते. पहिल्या वर्षी बारा खुर्च्या अशा पांढऱ्या झाल्या आणि मी त्या स्पिरिटचा हलका हात फिरवून पुन्हा उजळल्या. आता पावसाच्या दिवसांत आम्ही तेल आणि मेणच वापरतो.

आणखी एक गोष्ट. शेडमध्ये येणारा माल पोहोचवणारा, वायरमन किंवा नवा ग्राहक मला हातात रंधा घेऊन पाहतो आणि विचारतो, ‘मिस्त्री कुठे आहेत?’ पूर्वी मी समजावून सांगत असे. आता ‘जेवायला गेलेत’ म्हणते आणि दर सांगते.

*

वरच्या ताईंनी तेलाचा उल्लेख केला म्हणून लिहितो. उकळलेल्या जवसाच्या तेलाचे बोळे कधीही गोळा करून डब्यात टाकू नयेत. हे तेल वाळताना हवेतील प्राणवायू घेते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. चिंध्या एकमेकींवर दाबलेल्या असल्या की ती उष्णता बाहेर पडत नाही आणि काडी न लावता चिंधी पेटते. आमच्याकडे रात्री साडेनऊला राखणदाराला धूर दिसला. डबा लोखंडी होता, पण झाकण नव्हते आणि शेजारी दुसऱ्या सदस्याचा आठवड्याचा भुसा पोत्यात भरून ठेवला होता. आता बोळे दोरीवर एकेक पसरून वाळत घालतो, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवतो.

*

कोथरूड. माझा अनुभव लाकूड ठेवण्याच्या जागेविषयी आहे. सामायिक शेडमध्ये रॅकची जागा फुटावर मोजून मिळते, त्यामुळे लाकूड आणले की लगेच संपवावे असे वाटते आणि तिथेच घात होतो. ऑगस्टमध्ये मी आंब्याच्या लाकडाचे सहा फूट बाय तीन फुटांचे जेवणाचे टेबल केले. फळ्या टिंबर मार्केटमधून आणल्या, चार दिवसांत जोडल्या आणि टॉप खालच्या चौकटीला स्क्रू आणि फेव्हिकॉल लावून पक्का बसवला. टेबल सुंदर दिसत होते. पुण्याच्या हवेत ऑगस्टमध्ये ऐंशी टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असते आणि एप्रिलमध्ये दुपारी ती वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत ते आटते, आणि मी त्याला आटायला जागाच ठेवली नव्हती. एप्रिलमध्ये ग्राहकाने फोटो पाठवला. टॉपच्या मधोमध, सांध्याला सोडून, अखंड फळीतच दीड फुटांची भेग गेली होती, आणि तिच्यात त्यांच्या मुलाने पाचाचे नाणे उभे करून ठेवले होते.

टेबल परत आणून नवा टॉप केला. या वेळी स्क्रूची भोके लांबट ठेवली आणि सरस फक्त मधल्या एका पट्टीला लावला. हिशेब मांडला तेव्हा सत्तेचाळीस तास फुकट गेले होते. शिवाय लाकडी फर्निचरवरचा १८ टक्के जीएसटी मी नोंदणी असल्यामुळे भरतो, तर शेडमधील दोघांची उलाढाल ४० लाखांच्या आत असल्याने त्यांना नोंदणीची गरज पडत नाही. एकाच छताखाली, सारख्याच टेबलाचे दोन भाव ग्राहकाला समजावणे हा वेगळाच व्यवसाय आहे. आता लाकूड शेडमध्ये तीन आठवडे पट्ट्या घालून रचून ठेवतो, रॅकचे भाडे दरात धरतो आणि तसे ग्राहकाला आधीच सांगतो. दोन ऑर्डरी यामुळे गेल्या.

*

पात्याची भरपाई कोणी केली, असे काहींनी विचारले आहे. मीच केली. सहकाऱ्याच्या अक्रोडाच्या टॉपवरची रेघ हातरंध्याने काढायला आम्ही दोघे रात्री अडीचपर्यंत बसलो होतो आणि अबोला तिथेच संपला. पात्याचा दुसरा जोड आता वर्गणीतून आणून ठेवला आहे, आणि जुने लाकूड ज्याचे असेल त्याने मशीनवर घालण्यापूर्वी ते दुसऱ्या कोणाला तरी दाखवायचे असे ठरले आहे. स्वतःच्या लाकडावरचे काळे डाग स्वतःला दिसत नाहीत. भोसरीच्या काकांनी सांगितलेली पाते सरकवण्याची युक्ती आम्ही कालच वापरून पाहिली आणि ती चालली.

उरलेल्या दोन तुळया अजून माझ्या रॅकवर आहेत आणि त्यांचे भाडे दर महिन्याला चालू आहे. कोणाला हव्या असतील तर येऊन घेऊन जाव्यात, मात्र येताना चांगला चुंबक आणावा.