विषय: खानापूरच्या वसतिगृहाला मंडळाचे पैसे कसे पाठवायचे

नमस्कार मंडळी,
आपल्या इथल्या परदेशातल्या मंडळाच्या गणपतीच्या वर्गणीतून खर्च भागून बरी रक्कम उरलीय, कमिटीचं म्हणणं ती खानापूरकडच्या मुलींच्या वसतिगृहाला द्यावी. कणकुंबी-जांबोटी भागातल्या पोरी तिथं राहून हायस्कूल करतात. वसतिगृहाचं एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालचं) रजिस्ट्रेशन नाही, तर बेळगावातल्या मोठ्या रजिस्टर्ड संस्थेला पाठवून त्यांच्याकडून पुढं देता येईल का? काका, तुम्ही तिथं आहात, जरा सांगा.

---

ताई, तसं अजिबात करू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेनं परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेला द्यायला पूर्ण बंदी आहे, दुसरी रजिस्टर्ड असली तरी नाही, आणि यात त्या मोठ्या संस्थेचंच रजिस्ट्रेशन धोक्यात येतं.
आता मुद्द्याचं बघा. तुमच्यात बरेच जण अजून भारतीय पासपोर्टवाले आहेत. त्यांनी आपल्या नावच्या एनआरई नाहीतर एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या भारतातल्या) खात्यातून थेट वसतिगृहाच्या खात्यात टाकलं तर कायद्यानं ते परदेशी पैसे धरत नाहीत. पण तेच पैसे आधी मंडळाच्या खात्यात गोळा केले की मंडळ पडलं परदेशातलं, मग सगळीच रक्कम परदेशी. म्हणून पुढच्या वेळी एकत्र गोळाच करू नका. ओसीआयवाल्यांना (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे) मात्र ही सोय नाही, नागरिकत्व बदललं की त्यांचा पैसा परदेशीच.

---

काका, मी ओसीआय आहे आणि माझी आई त्याच भागात शिकली, मला हे फार लागतं. सरकार स्वतः ग्रँट वेळेवर देत नाही आणि दुसऱ्यानं दिलं तर इतकी कुलपं! वसतिगृहानं रजिस्ट्रेशन का नाही करून घ्यायचं?

---

दादा, तुमचं दुखणं खरं आहे. रजिस्ट्रेशनला संस्था तीन वर्षं जुनी लागते आणि मागच्या तीन वर्षांत कामावर किमान १५ लाख खर्च दाखवावा लागतो, गावातून तांदूळ-डाळ गोळा करून चालणारी संस्था तो आकडा कुठून आणणार? मिळालं तरी पाच वर्षांनी रिन्यूअल, दरवर्षी परदेशी पैशाच्या हिशेबाचा एफसी-४ फॉर्म, आणि खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमध्येच. पैसे पुढं द्यायची बंदी आणि दिल्लीच्या खात्याची अट सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये वैध ठरवलीय. हिशेब मागणं बरोबरच आहे, लोकांचा पैसा आहे तो. परदेशी देणगीतला २० टक्क्यांपर्यंतच पैसा प्रशासकीय खर्चाला वापरता येतो, माझा राग त्या मर्यादेवर आहे, आधी ती ५० होती. शाळेच्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय खर्चात येत नाही, पण ऑफिसचं भाडं येतं, हिशेब लिहिणाऱ्याचा पगार येतो. म्हणजे कागद वाढवले सरकारनं आणि कागद सांभाळणाऱ्या माणसाला पगार द्यायला हात आखडता.
आणि आपला भाग सीमेवरचा. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुले जन आरोग्य योजना इथल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, गरीब माणसाच्या ऑपरेशनचा विषय, तरी कर्नाटक सरकारनं केवढा विरोध केला. अशा ठिकाणी मराठी मुलींच्या वसतिगृहाचं एक व्हाउचर जरी गहाळ असलं तरी त्याचं राजकारण होईल आणि पोरींना घरी पाठवायची वेळ येईल. म्हणून मी कागदाच्या बाबतीत एवढा आग्रही आहे.
माझं मत असं: भारतीय पासपोर्टवाल्यांच्या पैशाला २० टक्क्यांची अट नाही, तर त्यातून आधी हिशेबनीसाचा वर्षाचा पगार द्या, धान्य गावकरी देतात ओ, हिशेबनीस कोणी देत नाही. आणि मंडळाची जमलेली रक्कम नि तुमच्यासारख्यांची देणगी यासाठी वसतिगृह गृहखात्याकडे पूर्वपरवानगी मागेल, त्यात देणारा कोण, रक्कम किती, काम कुठलं हे ठरलेलं लागतं. न्हाणीघरं आणि सोलर धरूया, पावसाळ्यात तिकडं दिवसदिवस लाइट नसते. परवानगी येईपर्यंत मात्र एक रुपयाही पाठवायचा नाही.

---

काका, पटलं. कमिटीचं देणगीचं पत्र मी लिहायला घेते, रक्कम नक्की करून शनिवारी लिस्टवर टाकते. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी मला नाव आणि पॅन कळवा, वसतिगृहाकडं ८०जी (देणगीवर आयकरात सवलत देणारी मान्यता) आहे, पावती ज्याच्या त्याच्या नावानं येईल.