शब्दचर्चा: 'इझमेंट रिमूव्ह करणे' मराठीत कसं लिहायचं?

आमची सोसायटी पार्ल्यात आहे, रिडेव्हलपमेंटला निघालीये. मागच्या प्लॉटवरची मंडळी कित्येक वर्षं आमच्या कंपाउंडातून ये-जा करतात आणि वकिलांच्या नोटमध्ये 'इझमेंट (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यायेण्यासारखा हक्क) रिमूव्ह करणे' असं लिहिलंय. मला हे जनरल बॉडीपुढे मराठीत मांडायचंय. कुणी 'वहिवाट काढणे' म्हणतं, कुणी 'सुखाचार रद्द करणे'. काय लिहू?

—

ताई, सुखाचार नको, तो हिंदी कायद्यातला शब्द. मराठीत 'सुविधाधिकार' लिहा. नुसतं 'वहिवाट' पण टाळा, कारण आपल्याकडे दस्तांमध्ये 'कब्जेवहिवाटीत आहे' असं सर्रास असतं म्हणजे ताबा, त्यामुळे 'त्यांची वहिवाट' लिहिलंत तर ती पट्टी त्यांच्या ताब्यात आहे असा अर्थ कुणीही काढेल. लिहायचंच तर पूर्ण लिहा, 'जाण्यायेण्याच्या वहिवाटीचा हक्क'.

—

मला तर क्रियापदच खटकतंय. काढणे, हटवणे, रद्द करणे, यात करणारे तुम्ही ठरता, पण ज्याच्या जमिनीवरून वाट जाते त्याला हा हक्क आपल्या मर्जीने काढताच येत नाही. नुसता ठराव करून गेट लावलंत तर तो अडथळा, आणि समोरचा कोर्टात जाऊ शकतो. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात (इझमेंट्स ॲक्ट) कलम ३८ प्रमाणे हक्क असणारा मालक तो 'सोडतो'. कलम ४१ मध्ये गरजेपोटी मिळालेला हक्क गरज संपली की संपतो, समजा त्यांना रस्त्यावर जायला स्वतःची दुसरी वाट मिळाली. ४६ मध्ये दोन्ही जमिनींची पूर्ण मालकी एकाच माणसाकडे आली की संपतो आणि ४७ मध्ये सलग २० वर्षं वापरच केला नाही तर. म्हणून एक तर 'सोडून देणे' नाहीतर 'संपुष्टात येणे', तिसरं काही नको.

—

बरोबर, पण मुळात तो सुविधाधिकार आहे का हे आधी बघा ना. हक्क म्हणून, उघडपणे, कुणी न अडवता २० वर्षं वापर असेल तर कलम १५ लागतं (सरकारी जमिनीवर ३० वर्षं). जुन्या कमिटीने 'जायला हरकत नाही' असं पत्र दिलं असेल तर ती परवानगी झाली, कायद्यात लायसन्स, कलम ५२. तिथे 'परवानगी मागे घेणे' हाच शब्द, आणि ती बहुतेक वेळा मागे घेताही येते, कलम ६० मधले अपवाद सोडून.

—

दादा, खूप उपयोग झाला. जुन्या फाइली काढून बघते. 'हक्कसोडपत्र' चालेल का?

—

चालेल, पण लोकांच्या डोक्यात ते भावाबहिणींच्या वाटणीचं असतं, म्हणून मी असं लिहीन: 'मागील भूखंडाचे मालक सोसायटीच्या जागेतून जाण्यायेण्याचा सुविधाधिकार नोंदणीकृत दस्ताने सोडून देण्यास तयार असल्यास त्यांच्याशी बोलणी करण्यात यावी.' 'नोंदणीकृत' गाळू नका, आणि त्यांनी होकार देईपर्यंत 'संपुष्टात आला' असं कुठेही लिहू नका.