जपायचं म्हणजे त्यांनाच कोंडायचं का?

तिरपा_डोळा: साथ आली की हमखास ऐकू येतं, 'म्हाताऱ्यांनी, आजाऱ्यांनी घरात बसावं, बाकीच्यांनी आपापली कामं करावीत.' सोयीचं आहे! पण किमो चालू असलेल्याला दवाखान्यात जावंच लागतं. प्रत्यारोपण झालेल्याला प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या बहुधा जन्मभर असतात. त्याने जन्मभर दाराला कडी लावायची? आणि अंथरुणाला खिळलेल्याला भरवणारी बाई तर बाहेरूनच येते. खोकतोय धडधाकट माणूस, तर मास्क त्याने लावावा, घरी त्याने बसावं. एवढं तरी कर्तव्य मानायचं की नाही?

रोकठोक: मानू. पण तीच भरवणारी बाई खोकला आला म्हणून आठ दिवस घरी बसली तर पगार कोण देणार? न्यू यॉर्कची मेरी मॅलन आठवा. स्वयंपाकीण, अंगात टायफॉइडचे जंतू, स्वतः ठणठणीत. १९०७ मध्ये तिला बेटावर नेऊन ठेवलं. १९१० मध्ये सोडलं, ते स्वयंपाकाचं काम करायचं नाही या अटीवर. कपडे धुण्यात पैसे कमी, म्हणून नाव बदलून बाई परत चुलीपाशी. १९१५ मध्ये पुन्हा धरली, ती १९३८ मध्ये मरेपर्यंत बेटावरच. समाजाला जपण्याची पावती कायम गरिबाच्याच नावाने फाटते.

तिरपा_डोळा: दुसऱ्यांदा ती कुठे सापडली ते शिताफीने गाळलंत. प्रसूतीच्या इस्पितळात रांधत होती. २५ जणांना लागण, दोघं दगावले. त्यांची पावती कोणाच्या नावाने? पगाराचं मात्र मान्य. भरपगारी रजा नसेल तर 'घरी बसा' हा उपदेश फुकटचा.

रोकठोक: मग आधी रजा द्या, कर्तव्य मागाहून शिकवा.

कानोसा: दोघंही 'दुर्बळ' म्हणजे एकच गठ्ठा धरून चाललाय. माझी आई जवळजवळ बहिरी. समोरच्याचे ओठ बघून तिला बोलणं कळतं. कोविडमध्ये सगळ्यांनी तिच्यासाठीच मास्क लावले आणि तिच्यापुरतं सगळं घर मुकं झालं. शेवटी मी पाटी-खडू आणला. दोन दिवसांनी तिनेच पाटीवर लिहिलं, 'मला कोणी विचारलं का?'

तिरपा_डोळा: पण मग मास्क काढलेत का?

कानोसा: तिच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून, लांब बसून, हो. तिने सांगितलं म्हणून.

रोकठोक: आणि तिला लागण झाली असती तर?

कानोसा: हेच मीही पाटीवर लिहिलं होतं. तिने पुसून टाकलं.