प्रवास थांबला आहे. प्रवासाची क्रेडिट कार्डे ठेवावीत की बंद करावीत?

बागायतदार_गुहागर

नमस्कार. नोकरी सोडून मी गेल्या वर्षी गुहागर तालुक्यातील आमच्या घरी कायमचा राहायला आलो. आई-वडिलांचे वय झाले आहे आणि हापूसची बाग आता मलाच पाहायची आहे, त्यामुळे पुढील काही वर्षे विमानप्रवास फारसा होईल असे दिसत नाही. नोकरीत असताना सतत फिरती असल्यामुळे जी कार्डे उपयोगी पडत होती, त्यांचे आता काय करावे, हा माझा प्रश्न आहे.

कार्डे तीन आहेत. पहिले एका विमान कंपनीच्या नावाचे असून त्याचे वार्षिक शुल्क ३,००० रुपये, म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून ३,५४० रुपये आहे. त्याची मर्यादा २ लाख आहे. दुसरे प्रवासाचे कार्ड असून त्याचे शुल्क जीएसटीसह ५,९०० रुपये आणि मर्यादा ४ लाख आहे. हे खाते २०११ मधले, म्हणजे माझे सर्वांत जुने आहे. वर्षभरात ४ लाखांचा खर्च झाला तर शुल्क माफ होते, परंतु तेवढा खर्च आता कार्डावर होणार नाही. तिसरे कार्ड साधे व विनाशुल्क असून अलीकडेच घेतले आहे. त्याची मर्यादा १ लाख आहे.

फवारणीची औषधे, खते आणि हंगामातील पेट्या यांसाठी काही महिन्यांत कार्डावर महिन्याला साधारण ६०,००० रुपये खर्च होतात आणि ते मी मुदतीत पूर्ण भरतो. पुढच्या वर्षी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधण्याचा विचार आहे व त्यासाठी बँकेचे कर्ज लागेल. कार्डे बंद केल्याने सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज देताना बँका पाहतात तो पतगुणांक, खाली येतो असे ऐकतो, तर दुसरीकडे वापर नसताना वर्षाला ९,४४० रुपये भरत राहणेही पटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_बँककर्मी_कुडाळ

आपण आकडे व्यवस्थित दिले आहेत, त्यामुळे नेमके उत्तर देता येईल. तिन्ही कार्डांचा एकत्र निर्णय घेऊ नका, कारण त्यांतील प्रत्येकाचे काम वेगळे आहे.

आधी स्कोअरविषयी. हा स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि त्यात सर्वाधिक महत्त्व वेळेवर परतफेडीला असते. त्यानंतर एकूण मर्यादेपैकी किती रक्कम वापरली जाते हे पाहिले जाते, आणि खाती किती जुनी आहेत याचाही विचार होतो. आपली आजची एकूण मर्यादा ७ लाख आहे, म्हणजे ६०,००० रुपयांच्या बिलाला वापर साडेआठ टक्के दिसतो. पहिले कार्ड बंद केले तर मर्यादा ५ लाख उरेल आणि वापर १२ टक्के होईल. याने काहीही बिघडत नाही. परंतु पहिली दोन्ही बंद केली तर तेच बिल १ लाखाच्या मर्यादेवर पडेल आणि वापर ६० टक्के दिसेल. वापर ३० टक्क्यांच्या आत राहावा असे सामान्यतः मानले जाते. खर्च तोच आणि परतफेडही वेळेवर, तरीही केवळ मर्यादा आकसल्यामुळे कर्जाच्या अर्जापूर्वी स्कोअर घसरू शकतो. हंगामाचा खर्च आणि कर्जाचा अर्ज एकाच वेळी आले तर ही गोष्ट अधिक जाणवेल.

म्हणून माझा सल्ला असा की, विमान कंपनीचे कार्ड बंद करावे आणि २०११ चे खाते जिवंत ठेवावे, पण त्यासाठी ५,९०० रुपये भरू नयेत. पुढचे वार्षिक शुल्क लागण्याच्या महिनाभर आधी बँकेला लेखी विचारावे की, हेच खाते कायम ठेवून त्यांच्या एखाद्या विनाशुल्क कार्डात बदलून मिळेल का. बऱ्याच बँका ग्राहक जाऊ देण्यापेक्षा हे पसंत करतात. मात्र दोन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात: बदलानंतर खाते जुनेच राहणार की नवे उघडले जाणार, आणि मर्यादा तीच राहणार की कमी होणार. ग्राहकसेवेतील व्यक्तीने फोनवर दिलेल्या आश्वासनावर थांबू नका. ई-मेलवर उत्तर घ्या.

आणखी एक पर्याय अनेक जण निवडतात, तो म्हणजे कार्ड कपाटात ठेवून विसरून जाणे. त्यात शुल्क लागतेच, ते भरले गेले नाही तर विलंबशुल्क व व्याज चढते आणि थकबाकीची नोंद अहवालात जाते. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड बंद करण्याची प्रक्रिया बँकेने ग्राहकाला कळवून सुरू करायची असते, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तर ते बंद केले जाते. जुने खाते टिकवायचे असेल तर अधूनमधून एखादे वीजबिल त्यावर भरून लगेच चुकते करणे पुरेसे आहे.

सागरकन्या_चिपळूण

माझे यजमान व्यापारी जहाजावर आहेत आणि घरातील कार्डांचा हिशोब मीच पाहते, म्हणून परदेशी खर्चाच्या बाजूने लिहिते. प्रवासाच्या कार्डाचा खरा लाभ पुष्कळदा विमानतळावरील लाउंजमध्ये (विश्रामकक्षात) नसून परकीय चलनावरील अधिभारात असतो. साध्या कार्डावर हा अधिभार बहुधा साडेतीन टक्के असतो, तर प्रवासाच्या अनेक कार्डांवर तो दोन टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्यावर जीएसटी वेगळा लागतो. म्हणजे फरक दीड टक्क्याचा, जीएसटीसह १.७७ टक्के. ५,९०० रुपयांचे शुल्क केवळ या फरकातून भरून निघायला वर्षाला सुमारे ३ लाख ३३ हजार रुपयांचा परदेशी खर्च व्हायला हवा. आमच्या घरी तो होतो, म्हणून आम्ही कार्ड ठेवतो. आपल्याकडे मुलांचे परदेशातील शिक्षण किंवा तसे काही नजरेसमोर नसेल तर हे कारण आपल्याला लागू नाही.

लाउंजबद्दल एवढेच सांगते की, आता बऱ्याच बँकांनी आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच मोफत प्रवेश अशी अट घातली आहे. वर्षाकाठी एखादे वेळी गोव्यातील मोपा विमानतळाला किंवा मुंबईला जाऊन विमान पकडणाऱ्या माणसाला त्या सवलतीसाठी शुल्क भरणे परवडणारे नाही.

कार्ड ठेवणार असाल तर बँकेच्या अ‍ॅपमधून आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करून ठेवा. ही सोय सर्व बँकांना द्यावीच लागते आणि गरज पडेल तेव्हा ते पुन्हा सुरू करता येतात. न वापरल्या जाणाऱ्या कार्डावर झालेला गैरव्यवहार उशिरा लक्षात येतो, आणि तक्रारीला जितका उशीर होतो तितकी आपली जबाबदारी वाढते.

हर्णै_बंदर

कार्डावरील खर्चावर बक्षीस म्हणून मिळणाऱ्या पॉइंटांचा विषय कोणी काढला नाही, आणि माझ्या मते आपण सर्वांत आधी तेच काम करावे. कार्ड बंद झाले की बँकेकडे साठलेले पॉइंट सहसा बुडतात, तर विमान कंपनीच्या खात्यात आधीच वळवलेले मैल (तिकिटासाठी वापरता येणारे त्या कंपनीचे पॉइंट) तिथे राहतात, पण त्यांनाही मुदत असते. प्रवास होणार नसेल तर ते मैलांत वळवून साठवण्यात अर्थ नाही. किंमत थोडी कमी मिळाली तरी बिलात वळते करून घ्यावेत किंवा आई-वडिलांना एकदा विमानाने कुठे नेऊन आणावे. हे पॉइंट म्हणजे ठेव नव्हे. जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली. एका कंपनीच्या नावाशी बांधलेल्या कार्डाचे लाभ त्या कंपनीच्या भवितव्यावर अवलंबून असतात.

“अडीअडचणीला असू दे” या कारणासाठीही महागडे कार्ड ठेवू नये असे मी आग्रहाने सांगेन. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्या दापोली तालुक्यात वीज आणि मोबाइल सेवा बराच काळ कोलमडली होती, आणि जिथे नेटवर्कच नाही तिथे ओटीपी येत नाही व दुकानातील यंत्रही चालत नाही. त्या दिवसांत घरातील रोख रकमेनेच काम भागले. किनाऱ्यावर राहणाऱ्याने पावसाळ्याआधी थोडी रोकड आणि बँकेत काही महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक ठेवणे, हीच खरी तरतूद आहे.

गावात राहायचे तर रुपे या भारतीय कार्डव्यवस्थेचे क्रेडिट कार्ड अधिक उपयोगी, कारण ते यूपीआयला जोडून दुकानाच्या क्यूआर कोडवर चालते. कार्ड घासायचे यंत्र नसलेल्या कितीतरी दुकानांत त्यामुळे खर्च करता येतो. दुकानदाराचा कोड व्यक्तिगत खात्याचा असेल तर मात्र ते चालत नाही. श्री. कुडाळकर म्हणतात तसे जुने खाते बदलून मिळणार असेल तर रुपेचा पर्याय आहे का, हे जरूर विचारा.

बागायतदार_गुहागर

सर्वांचे मनापासून आभार. हंगामाचा खर्च आणि कर्जाचा अर्ज एकत्र येण्याचा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. विमान कंपनीचे कार्ड बंद करायचे आणि जुने बदलून घ्यायचे, हे आता मनात पक्के झाले आहे. एक शंका उरते: पहिले कार्ड कर्जाच्या अर्जाआधी बंद करावे की नंतर? आणि त्या बँकेची शाखा आमच्या तालुक्यात नाही, तर त्यासाठी मुंबईला जावे लागेल का?

निवृत्त_बँककर्मी_कुडाळ

मुंबईला जाण्याची गरज नाही. बंद करण्याची विनंती हेल्पलाइन, ई-मेल, संकेतस्थळ, नेटबँकिंग किंवा अ‍ॅप यांमार्फत स्वीकारणे बँकेवर बंधनकारक आहे आणि पोस्टानेच अर्ज पाठवा असा आग्रह तिला धरता येत नाही. सर्व बाकी चुकती केल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद व्हायला हवे; त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी ५०० रुपये दंड ग्राहकाला देय असतो. विनंतीआधी त्या कार्डावरून आपोआप जाणारे विमा हप्ते वा वर्गण्या दुसरीकडे वळवा, शेवटचे बिल पूर्ण भरा आणि खात्यात जास्तीचे पैसे राहिले असल्यास ते बँक खात्यात मागून घ्या. नंतर बाकी नसल्याचे पत्र ई-मेलवर मागवून जपून ठेवा.

वेळेबाबत म्हणाल तर, कर्जाला अजून वर्ष असल्याने पहिले कार्ड आत्ताच, पुढचे शुल्क लागण्याआधी बंद करा. बँकेने ही नोंद ३० दिवसांत सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांना कळवायची असते. दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून खाते ‘बंद’ असे दिसते का ते पाहा. वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. नोंद चुकली असेल तर दुरुस्तीला पुरेसा अवधी हाताशी राहील. जुन्या खात्याच्या बदलाचेही याच काळात उरकून घ्या. त्यात बँकेने आपल्या पतमाहितीची नव्याने चौकशी केलीच, तर तिचा स्कोअरवरील परिणाम कर्जाच्या वेळेपर्यंत ओसरलेला असेल. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत मात्र नवे कार्ड घेऊ नका, आणि खतांचे मोठे बिल आले तर ते स्टेटमेंट निघण्याआधीच भरून टाका, म्हणजे वापर कमी दिसेल.